बॅटिंग सुलटं कोणतं, उभं कोणतं? गोधडीला दाढी फुटते आणि झोळ पडतो त्याचं निदान

गडद निळी गोधडी होती. मशीनवर टाके घालून झाले, कडेची पट्टी बसवली, एकदा धुतली आणि सकाळच्या उजेडात उलगडून बघितली, तर टाक्यांच्या प्रत्येक रांगेत बारीक पांढरे केस उभे. दोन दिवस वस्तरा न लावलेली हनुवटी दिसते ना, तश्शी. लिंट रोलर फिरवला, केस गेले. आठवड्याभराने पुन्हा हजर. मी सुई बदलली, दोरा बदलला, दोऱ्याचा ताण कमीजास्त करून बघितला. पुढच्या गोधडीलाही दाढी आलीच.

त्याच सुमारास भिंतीवर लावायला एक लांबट तुकडा केला होता. टांगला तेव्हा चारही कोपरे अगदी गुण्यात, म्हणजे काटकोनात. दोन-तीन महिन्यांत खालच्या कडेला मधोमध पोट सुटलं. मी कडेच्या पट्टीला दोष दिला, ती उसवून पुन्हा लावली. पोट होतं तिथेच.

दोन्ही वेळा मी साप सोडून भुई धोपटत होते. दोष मधल्या थरात, म्हणजे बॅटिंगमध्ये होता. तेही बॅटिंग वाईट म्हणून नाही, मी ते कसंही पसरलं होतं म्हणून. आतलं भरण आहे, कुणाला दिसणार, असं म्हणत घडी उलगडली की जसं पडेल तसं आपण पसरतो. पण बहुतेक बॅटिंगला सुलट-उलट असतं, आणि त्याशिवाय उभं-आडवंही असतं. हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. सुलट-उलट चुकलं तर दाढी फुटते. उभं-आडवं चुकलं तर झोळ पडतो, गोधडी एका बाजूला ओढली जाते. मी ‘दिशा’ या एका शब्दात दोन्ही कोंबत होते. त्यामुळे कुणी ‘दिशा बघून लाव’ म्हटलं की मला वाटायचं, लावलीय की! एक बघितलेली असायची, दुसरी राहिलेली.

आधी बॅटिंग निर्दोष ठरतंय का बघा

सगळंच मधल्या थरावर ढकलू नका. तंतू नेमके कुठून बाहेर येतात ते भिंग घेऊन बघा. फक्त टाक्यांच्या छिद्रांतून येत असतील तर कारण सुई तरी आहे किंवा बॅटिंगची बाजू तरी. टाके नाहीत अशा मोकळ्या जागेतूनही येत असतील तर वरच्या कापडाची वीण विरळ आहे. अशा कापडाखाली बॅटिंग कितीही नीट लावा, तंतू वाट काढणारच. पॉलिएस्टर या बाबतीत जास्त चिवट. कापसाचा तंतू बाहेर आला की बरेचदा तुटून पडतो. पॉलिएस्टरचा तुटत नाही, तो तिथेच वळून गोळी होतो, जुन्या स्वेटरवर होतात तशी.

बोथट सुई ओळखायला सोपी. कापडात शिरताना टपटप आवाज येतो आणि छिद्राभोवती कापड किंचित आत दबतं. गोधडीचे तीन थर सुईला लवकर झिजवतात, म्हणून सात-आठ तास शिवल्यावर मी ती सरळ फेकून देते. नंबरही बघा. साधारण सुती गोधडीला ७५/११ किंवा ९०/१४ ची क्विल्टिंग सुई पुरते. त्याहून जाड सुईने छिद्र मोठं पडतं आणि दोरा ते भरून काढत नाही.

झोळाच्या बाबतीतही असंच. टाक्यांच्या दोन रांगांमध्ये तिरप्या चुण्या दिसत असतील तर वरचा थर खालच्यापेक्षा पुढे सरकलाय. तिथे वॉकिंग फूट (वरचा आणि खालचा थर सारखाच पुढे सरकवणारा मशीनचा पाय) आणि जवळजवळ टाचणं हाच इलाज. कडेची पट्टी लाटांसारखी हलत असेल तर पट्टी मापून न कापता लावत लावत कापली गेलीय. पण सबंध गोधडीच एका बाजूने लांबली असेल, खालच्या कडेला कमान आली असेल, किंवा धुतल्यावर चौकोनाचा लांबट आयत झाला असेल, तर मग आतल्या थराकडे वळा.

सुलट-उलट: सुई शिरेल तिकडे खळ्या

बॅटिंग बनतं कसं ते कळलं की बाजू पाठ करावी लागत नाही. कापूस, पॉलिएस्टर किंवा लोकर पिंजून तिचे पातळ पापुद्रे करतात आणि एकावर एक रचतात. नुसते रचलेले पापुद्रे हात लागताच विस्कटतील. ते एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यातून हजारो सुया भराभर खाली-वर करतात. या सुयांना आपल्या सुईसारखं नाकं नसतं. अंगावर बारीक खाचा असतात. सुई खाली जाते तेव्हा वरचे तंतू त्या खाचांत अडकतात आणि खालच्या पापुद्र्यांत ओढले जातात. परतताना सुई त्यांना तिथेच सोडून येते. अशी टोचणी पुन्हा पुन्हा झाली की सैल कापसाचा एकजीव पत्रा होतो. यालाच नीडल-पंच म्हणतात.

या टोचणीची खूण दोन्ही बाजूंना वेगवेगळी उमटते. सुया जिथून शिरल्या तिथे बारीक खळ्या पडतात, जिथून बाहेर पडल्या तिथे तंतूंचे फुगवटे येतात. मी एका बाजूला ‘खळ्या’ आणि दुसरीला ‘पुरळ’ म्हणते. खळ्यांची बाजू हाताला गुळगुळीत लागते. पुरळाची खरखरीत, कधी कधी चक्क गोळ्या आल्यासारखी.

आता तंतू आधीच खळीकडून पुरळाकडे ओढलेले आहेत. तुमच्या मशीनची सुई त्याच वाटेने गेली तर ती मळलेल्या वाटेने जाते. उलट बाजूने शिरली तर बाहेर आलेल्या फुगवट्यांवरच पहिला वार होतो, तंतू आले तिकडे परत ढकलले जातात, सैल होतात आणि मिळेल त्या छिद्रातून डोकं वर काढतात. म्हणून नियम एवढाच: शिवताना सुई ज्या बाजूने आत शिरणार, बॅटिंगच्या खळ्या त्या बाजूला.

मुद्दाम ‘खळ्या वर’ असं म्हटलं नाही. ‘वर’ या शब्दानेच मला दोनदा फसवलंय. नेहमीच्या पद्धतीत अस्तर टेबलावर पालथं पसरतो, त्यावर बॅटिंग, त्यावर दर्शनी कापड. मग दर्शनी बाजू वर ठेवून शिवतो, तेव्हा खळ्या छताकडे हव्यात. पण काही जण रचना उलटी करतात, आधी दर्शनी कापड पालथं, मग बॅटिंग, वर अस्तर. तिथे पसरताना खळ्या जमिनीकडे जायला हव्यात. तिसरा प्रकार म्हणजे बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळात, जाड शोभेचा दोरा भरून गोधडी पालथी ठेवून शिवणं. त्यात सुई अस्तराच्या बाजूने शिरते, म्हणजे खळ्या अस्तराकडे हव्यात. ‘खळ्या वर’ पाठ करणारा इथे हमखास चुकतो.

खळ्या दिसत नाहीत अशी तक्रार नेहमी असते, आणि ती रास्त आहे. ब्लीच केलेल्या पांढऱ्या बॅटिंगवर दिव्याच्या सरळ उजेडात काहीच कळत नाही. खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च बॅटिंगला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि उजेड पृष्ठभागावरून सरपटू द्या. खळ्यांच्या सावल्या लगेच दिसतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर हातशिलाईची सुई दोऱ्यासकट एका बाजूने आरपार काढा, मग दुसऱ्या बाजूने. खळ्यांच्या बाजूने ती सहज जाते, दुसरीकडून किंचित अडते. पहिल्या प्रयत्नात फरक जाणवत नाही, डोळे मिटून चार-पाचदा केलं की बोटांना कळतं.

तरीही संशय राहिला तर नमुना शिवून बघा. हातातली गोधडी गडद रंगाची असेल तर संशय नसतानाही मी हे करते. त्याच कापडाचे, त्याच बॅटिंगचे १५ सेंटीमीटरचे दोन चौकोन घ्यायचे. एकात एक बाजू सुईकडे, दुसऱ्यात दुसरी. प्रत्येकावर दहा-बारा रांगा टाके घालायचे, दोन्हींच्या मागे ‘क’ आणि ‘ख’ लिहायचं, दोन्ही धुऊन वाळवायचे आणि तळहाताने खसाखसा चोळायचे. कमी दाढीवाला जिंकला. अर्धा दिवस जातो हे खरं, पण सबंध गोधडी उसवण्यापुढे अर्धा दिवस काय!

दोन्ही नमुने सारखेच निघाले तर? तसंही होतं. काही बॅटिंग दोन्ही बाजूंनी टोचलेलं असतं. त्याला सुलट-उलट नसतंच, निश्चिंत राहा. आणि पाकिटावर बनवणाऱ्याने बाजू छापली असेल तर माझा नियम बाजूला ठेवून तेच ऐका. सुया कुठून घातल्या हे त्यांनाच जास्त ठाऊक.

हाताने धावदोरा घालणाऱ्यांना हा फरक इतका टोचणार नाही. हातशिलाईत सुई एकाच टाक्यात खाली जाते आणि वरही येते, म्हणजे दोन्ही वाटा वापरते. तरी खळ्या दर्शनी बाजूला असल्या की सुई हलकी चालते, आणि सलग तीन तास बसणाऱ्याच्या बोटांना तेवढाही आराम पुरतो.

जाळी असेल तर

कापसाच्या बऱ्याच बॅटिंगमध्ये एक पातळ जाळी टोचून बसवलेली असते, तिला स्क्रिम म्हणतात. कापसाला ती आधार देते. तिच्यामुळे टाक्यांच्या रांगा एकमेकींपासून ८ ते १० इंच दूर ठेवल्या तरी आतला कापूस सरकून गोळा होत नाही. जाळी नसलेल्या कापसाला साधारण ३-४ इंचांच्या आत पुढची रांग लागते.

जाळी ओळखायला बॅटिंगचा एक कोपरा हळूच सोला. एका बाजूने कापूस पिंजल्यासारखा सुटतो, दुसऱ्या बाजूला काहीतरी कागदासारखं, न ताणणारं हाताला लागतं. जाळी सुईपासून लांब हवी. दर्शनी बाजूने शिवत असाल तर जाळी अस्तराकडे. म्हणजे सुई आधी मऊ कापसातून जाते आणि शेवटी जाळी ओलांडते. कापूस आधी टोचून जाळीत उतरवलेला असेल तर हे आणि खळ्यांचा नियम एकच सांगतात. जाळी दर्शनी कापडाला चिकटून आली की वरचा भाग सपाट, थोडा ताठर दिसतो आणि टाक्यांमधला फुगीरपणा खाली अस्तराकडे जातो. गोधडी मागून छान दिसते, पुढून नाही.

हाताने टाके घालणार असाल तर जाळीचं बॅटिंग शक्यतो घेऊच नका. कोणत्याही बाजूने लावलं तरी सुई तिथे अडते.

ज्यांच्यात डोकं खपवायचं नाही

बॉन्डेड पॉलिएस्टरवर दोन्ही बाजूंनी राळेचा हलका थर दिलेला असतो. त्याला सुलट-उलट नाही, घाला कसंही. इस्त्रीने चिकटणाऱ्या बॅटिंगला गोंद दोन्हीकडे असला तर प्रश्नच नाही. एकाच बाजूला असला तर ती बाजू बोटाला खडीसाखरेसारखी खरखरीत लागते. ती कापडाच्या उलट्या बाजूला टेकवायची आणि इस्त्री कापडावरून फिरवायची. उलटं झालं तर गोंद इस्त्रीच्या तळाला लागतो. मी एक इस्त्री अशी घालवलीय, त्याबद्दल अधिक बोलत नाही. गरम भांडं धरायच्या जाड तुकड्यांत चकाकणारा उष्णतारोधक थर घालतात, त्याची चकाकणारी बाजू उष्णतेकडे करायची, जोडीला कापसाचा एक थर द्यायचा, आणि असे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचे नाहीत, कारण त्या चकाकीत धातू असतो.

बिनब्लीचच्या कापसात सरकीच्या टरफलांचे तपकिरी ठिपके असतात. पांढऱ्या कापडातून ते दिसतात. एका बाजूला कमी असले तरी तेवढ्यासाठी बाजू उलटवू नका. मोठे ठिपके चिमट्याने काढा, किंवा पांढऱ्या गोधडीला ब्लीच केलेलं बॅटिंग घ्या. तसंच काळ्या-निळ्या गोधडीला काळं बॅटिंग. दाढी फुटलीच तर निदान दिसणार तरी नाही.

उभं-आडवं: ओढून बघा, विश्वास ठेवू नका

कापडाचं आपल्याला माहीत असतं. काठाला समांतर जाणारा उभा धागा जेमतेम ताणतो, आडवा जरा जास्त, आणि उरेब, म्हणजे तिरपी दिशा, सगळ्यात जास्त. बॅटिंग विणलेलं नसतं, त्यात ताणा-बाणा नाही, म्हणून ‘त्याला कसली दिशा’ असं वाटतं. पण पिंजताना तंतू विंचरले जातात, यंत्रातून एका दिशेने ओढले जातात आणि गुंडाळीवर ताणून गुंडाळले जातात. त्यामुळे एकीकडे ते कमी ताणतं, दुसरीकडे जास्त. बहुतेक वेळा गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने कमी आणि रुंदीच्या दिशेने जास्त.

‘बहुतेक वेळा’ म्हणाले, कारण पापुद्रे नागमोडी घड्या घालत आडवे रचलेले असले तर तंतूंचा कल बदलतो आणि उलटंही होऊ शकतं. शिवाय पाकिटात घडी घालून येणाऱ्या बॅटिंगची गुंडाळीवरची लांबी कोणती हे कोण सांगणार? चौकोनी तुकड्याचं तर विचारूच नका. म्हणून ओढून बघायचं. कडेचा फालतू भाग कापताना दोन्ही दिशांनी एकेक पट्टी काढा, ५ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब. दोन्हींवर मधे २० सेंटीमीटरच्या अंतराने पेनाने दोन खुणा करा. टोकं धरून दोन्ही पट्ट्या सारख्याच हलक्या जोराने ओढा आणि खुणांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. माझ्या त्या भिंतीवरच्या तुकड्याचं उरलेलं बॅटिंग असं ओढलं, तर एक पट्टी अर्धा सेंटीमीटर वाढली आणि दुसरी जवळजवळ दोन. मी नेमकी दोनवाली दिशा उभी लावली होती. तुकडा स्वतःच्याच वजनाने रोज थोडा थोडा खाली उतरत होता. मध्यभागी टाके विरळ होते, त्यामुळे पोट तिथेच सुटलं.

जाळीच्या बॅटिंगमध्ये हा फरक खूप कमी होतो, कारण जाळी ताणू देत नाही. बिनजाळीचा कापूस आणि लोकर यांत तो सगळ्यात जास्त जाणवतो.

मग लावायचं कसं? ज्या दिशेने वस्तूवर ओढ पडणार, त्या दिशेला कमी ताणणारी बाजू. भिंतीवरचा तुकडा असेल तर ती उभी, तुकड्याचा आकार आडवा असला तरीही, कारण वजन खालीच ओढतं. अंथरुणावरच्या गोधडीत लांबीच्या दिशेने. झोपेत पांघरूण लोक त्याच दिशेने ओढतात, धुऊन वाळत टाकल्यावरही बहुधा तीच दिशा लोंबते. पिशवीच्या पट्ट्यात पट्ट्याच्या लांबीला. जॅकेट शिवत असाल तर उंचीच्या दिशेला कमी ताण आणि अंगाभोवती जास्त, म्हणजे हात हलवताना जॅकेट थोडं सोबत येतं. छोटा टेबलमॅट किंवा उशीचं खोळ असेल तर हे सगळं विसरून गेलात तरी चालेल, तिथे टाके इतके जवळ असतात की बॅटिंगला ताणायला वावच मिळत नाही.

अस्तराचा उभा धागाही त्याच दिशेला ठेवा. दोन्ही थर एकाच बाजूने घट्ट असले की दर्शनी तुकडे कसेही जोडलेले असोत, त्यांना धरून ठेवतात. वरच्या डिझाइनमध्ये तिरके त्रिकोण बरेच असतील, कडांना उरेब आला असेल, तर खालच्या दोघांचा हा आधार सोडूच नका. रुंदी पुरत नाही म्हणून बॅटिंग आडवं लावावं लागलंच, तर ते एकटं आडवं जाऊ द्या, अस्तर उभंच ठेवा आणि टाके जवळ घ्या. मी असं दोनदा केलंय, निभावलं.

दोन थर घालणारे विचारतात, दोघांची दिशा एक ठेवायची की आडवी-उभी? वर लोकर आणि खाली कापूस अशी जोडी मला फार आवडते. लोकर टाक्यांना उठाव देते आणि कापूस वजन देतो. दोन्हींच्या खळ्या सुईकडे, आणि दोन्हींची कमी ताणणारी बाजू एकाच दिशेला ठेवते. उलटसुलट लावून ताणाचा तोल साधता येतो असं म्हणणारेही आहेत, पण दोन थर दोन दिशांनी आटले की मधे काय होतं ते मला बघायचं नाही.

आटण्याचा हिशेब

कापसाचं बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. ऐकायला किरकोळ वाटतं. १५० बाय २०० सेंटीमीटरच्या गोधडीत लांबीकडे ५ टक्के आणि रुंदीकडे ३ टक्के आटलं तर लांबी १० सेंटीमीटरने घटते आणि रुंदी साडेचारने. दोन्ही दिशा सारख्या आटतीलच असं नाही, आणि इथे उभ्या-आडव्याचा प्रश्न पुन्हा येतो. धुतल्यावर येणारा सुरकुतलेला मऊपणा हवा असेल तर हे आटणं तुमच्या फायद्याचं. माप चोख हवं असेल तर ३० सेंटीमीटरचा चौकोन कापून, त्यावर उभी दिशा दाखवणारा बाण काढून, तो दोन कापडांमध्ये टाचून धुवा आणि दोन्ही बाजू मोजा. २९.१ आलं तर ३ टक्के, २८.५ आलं तर ५. बॅटिंग नुसतंच, कापडाशिवाय मशीनमध्ये धुवायला टाकू नका. हात दाखवून अवलक्षण! बिनजाळीचं असेल तर गोळे बाहेर काढत बसावं लागेल.

पसरताना होणारी गफलत

बाजू आणि दिशा दोन्ही बरोबर, तरी चुण्या, अशी वेळ आली तर पसरण्यात घाई झालीय. पाकिटातल्या घड्या अंगावर असतानाच बॅटिंग ताणून सपाट केलं की टाचेपर्यंत ते सपाट राहतं, आणि टाके पडल्यावर आक्रसून मूळ मापावर जातं. सोबत कापडालाही ओढतं. रात्रभर जमिनीवर मोकळं टाकून ठेवा, किंवा ड्रायरमध्ये मंद आचेवर ओलसर रुमालाबरोबर दहा मिनिटं फिरवा. पॉलिएस्टरवर गरम इस्त्री नको, ते वितळतं. पसरताना मधून कडेकडे तळहाताने थापटत जा. ओढू नका. चारही बाजूंना दोन इंच जास्त ठेवा, लाँगआर्मवर (गोधडी चौकटीवर ताणून शिवणाऱ्या मोठ्या मशीनवर) देणार असाल तर चार.

तुकडे जोडून वापरताना

उरलेलं बॅटिंग टाकवत नाही, मान्य. पण दोन तुकडे जोडताना दोन्हींच्या खळ्या एकीकडे आणि दोन्हींची उभी दिशा एकच हवी. एकदा मी हे न बघता चार तुकडे जोडले होते. शिवताना काही कळलं नाही. धुतल्यावर एक पाव भाग फुगीर आणि बाकी सपाट, शिवाय जोडाच्या रेषेवर एक पुसटशी घडी, जिला इस्त्री काही करू शकली नाही. एकाच पाकिटातले तुकडे एकमेकांना जोडा, वेगवेगळ्या जातींची सोयरीक नको. कडा एकमेकींवर चढवू नका, नुसत्या भिडवा आणि रुंद झिगझॅगने जोडा. सरळ रेषेऐवजी किंचित नागमोडी जोड दिला तर तो वरून जाणवत नाही. तो कापायला दोन्ही तुकडे एकमेकांवर थोडे चढवून एकाच फटक्यात लाटेसारखे कापायचे, म्हणजे कडा आपोआप जुळतात.

हे सगळं उरलेल्या तुकड्यावर कळणार कसं, हाही प्रश्न आहेच. पाकीट उघडल्यावर पहिली गोष्ट, कात्री हातात घ्यायच्या आधी, खळ्यांच्या बाजूला कोपऱ्यात एक रंगीत टाका घालायचा आणि कमी ताणणाऱ्या दिशेला लांब असा दुसरा. कापताना खूण असलेला कोपरा गेला तर उरलेल्या तुकड्यावर लगेच नव्याने खूण करायची. पेन वापरू नका, शाई कधीतरी वर झिरपते.

गोधडी होऊन गेली असेल तर

दाढी उपटू नका. हा एकच सल्ला ऐकलात तरी पुष्कळ. एक तंतू ओढला की मागोमाग त्याला गुंतलेले चार येतात आणि छिद्र रुंदावतं. बारीक कात्रीने कापडालगत कापा. मग गोधडी धुवा. सुती कापड धुतल्यावर आटतं, वीण घट्ट होते, सुईची छिद्रं मिटतात आणि बरीचशी दाढी तिथेच थांबते. कापसाचं बॅटिंग असेल तर दोन-तीन धुण्यांत आवरतं. पॉलिएस्टर असेल तर अधूनमधून न्हाव्याचं काम करावं लागेल, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. माझी निळी गोधडी कापसाची होती, ती आता बरी आहे.

झोळ पडलेल्या तुकड्याला ओला करून पुन्हा मापात आणता येतं, कापड आणि बॅटिंग सुती किंवा लोकरीचं असेल आणि रंग पक्के असतील तर. थंड पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग सतरंजीवर किंवा फोमच्या पट्ट्यांवर पसरून कडा हाताने सरळ करा, वाढलेली बाजू आत ढकला, कमी असलेली ओढा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की कोपरे गुण्यात आले. दर पाच सेंटीमीटरवर न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. पंखा लावला तरी एक पूर्ण दिवस धरा.

एवढ्याने आकार परत येतो, कारण तेवढं जात नाही. आतलं बॅटिंग अजून चुकीच्या दिशेनेच आहे. माझ्या भिंतीवरच्या तुकड्यात मी वाळल्यावर मधल्या मोकळ्या भागात उभ्या टाक्यांच्या सहा रांगा वाढवल्या, म्हणजे वजन दोऱ्यांनी पेललं. वरची काठी घालायची बाहीही कडेपासून कडेपर्यंत सलग केली, आधी दोन टोकांना दोन फासे होते. पोट अजून पूर्ण गेलेलं नाही. एका बोटाएवढं आहे, आणि खाली सोफा ठेवल्यावर ते दिसत नाही.